जुन्या डिजिटल ऑर्गनच्या काही पट्ट्या ओरडतात, काही ऐकूच येत नाहीत. बोर्ड खरंच गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की मडगावच्या घरी मामांचा वीसेक वर्षांचा ऑर्गन आहे, पाऊस सुरू झाल्यापासून मधल्या सप्तकातल्या तीन-चार पट्ट्या एकदम मोठ्याने वाजतात, दोन मुक्या झाल्यात, आणि दुरुस्तीवाला बोर्ड (आतली सर्किटची पाटी) बदला म्हणतोय. इतक्यात पैसे घालू नका. मी फोंड्यात भजनाला साथ करतो. चवथीच्या तोंडावर आमच्याही ऑर्गनने हेच केलं होतं आणि बोर्डाला काहीच झालेलं नव्हतं.

स्क्रूला हात लावण्याआधी ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) एक घर वर करा आणि तीच ओरडणारी पट्टी दाबा. तिच्यातून आता वेगळा स्वर येईल. तरीही तीच ओरडली तर दोष पट्टीच्या खाली आहे. ओरडणं डावीकडच्या पट्टीवर सरकलं, तर दोष आवाजाच्या वाटेत आहे. मग हेडफोन लावून बघा. हेडफोनवर सगळं सारखं वाजलं तर स्पीकर किंवा खोली. खर्जाचे एक-दोन स्वरच घुमत असतील तर बहुतेक खोलीच. दोन पावलं सरकून ऐका, फरक कळेल.

काही चर्च-पद्धतीच्या ऑर्गनमध्ये स्वर एकाआड एक दोन स्पीकरांत वाटलेले असतात. पांढरी १, २, ३ आणि काळी ३, ४, ५ एकदम बारीक, बाकी ठणठणीत, असं असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची एक बाजू पडली आहे.

तुमच्या वर्णनावरून मला मात्र पट्टीखालचाच दोष वाटतो. पियानोचा आवाज लावा, त्यात पट्टी जितक्या जोरात दाबाल तितका स्वर मोठा येतो; ऑर्गनच्या आवाजात सहसा तसं नसतं. ऑर्गनच्या आवाजात वाजणाऱ्या पट्ट्या सारख्या आणि पियानोतच वर-खाली होत असतील तर खात्रीच. पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन काळ्या कार्बनच्या टिकल्या असतात. एक आधी टेकते, दुसरी मागून. मधला वेळ जितका कमी तितका जोर जास्त, असा यंत्राचा हिशोब. पहिल्या टिकलीखाली ओल किंवा मळ बसला की ती उशिरा लागते, मधला वेळ घटतो आणि हळू दाबलेली पट्टी ओरडते. दुसरी मळली तर स्वर बारीक येतो किंवा येतच नाही. म्हणजे ओरडणारी आणि मुकी, दोघींचं दुखणं एकच.

आमचं रबर उचललं तेव्हा खाली बोर्डावर पांढुरकी बुरशी आणि एक मेलेली मुंगी होती.

प्लग काढून अर्धा तास थांबा. उघडताना फोटो काढत जा. टिकल्या आणि बोर्डावरचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा. सँडपेपर, थिनर, तेलकट स्प्रे अजिबात नको, कार्बनच खराब होतो. पूर्ण सुकल्यावरच रबर बसवा. रबराची खालची बारीक शेपटं बोर्डाच्या भोकांतून हळू ओढा, ताणलीत तर तुटतील. टिकली झिजून गुळगुळीत झाली असेल तर सगळ्यात वरच्या सप्तकाचं रबर मध्ये लावून बघा, आकार जुळला पाहिजे. तिथल्या पट्ट्यांना फारसं कोणी हात लावत नाही, त्यामुळे रबर चांगलं उरलेलं असतं.

ट्रान्सपोज केल्यावर काय झालं ते कळवा.