आज्जाला ‘नको’ म्हणाली तेव्हा

“मॅडम, शाळेत ते ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवून गेले आणि तेव्हापास्नं पोरगी आज्जाजवळ जाईना झालीया. काय भरवलंय तिच्या डोक्यात?”

निपाणी भागातल्या एका आईनं मला हे विचारलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण प्रश्न तिच्याच शब्दांत ठेवला आहे, कारण तो तिच्या एकटीचा नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, कुठल्याही शाळेत बालसुरक्षेचा कार्यक्रम झाला की पुढच्या आठवड्यात कुणी ना कुणी पालक हीच काळजी घेऊन येतात. मुलं घाबरली तर? घरच्यांवरच संशय घ्यायला लागली तर?

मुलगी आठ वर्षांची, मराठी शाळेत तिसरीत. सासऱ्यांचं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं. नात म्हणजे त्यांचा जीव. संध्याकाळी आल्या आल्या तिला उचलून घ्यायचे, गालाचा पापा घ्यायचे. शाळेतल्या कार्यक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी ती मागं सरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “नको.” घरात भूकंप झाला. वडील तिच्यावर ओरडले. आज्जा दोन दिवस धड जेवले नाहीत.

अशा वेळी मी लगेच ‘काही नसेल हो’ असं म्हणत नाही, आणि ‘काहीतरी असेलच’ असंही धरून चालत नाही. मुलीला कागद-खडू दिले. तिला घरातली माणसं काढायला सांगितली आणि बराच वेळ नुसती शेजारी बसले. आज्जाचं चित्र तिनं सगळ्यांत मोठं काढलं, मिशांसकट. मग आपणहून बोलली, “त्याच्या मिशा टोचतात. तंबाखूचा वास येतोय. मी नको म्हटलं की सगळी हसतात.”

पुढच्या दोन भेटींतही याहून वेगळं काही निघालं नाही. आज्जाबरोबर शेतावर जायला ती आनंदानं तयार होती. तिला फक्त पापा नको होता. कार्यक्रमात तिला एक शब्द मिळाला होता आणि तो चालतो का, हे ती करून बघत होती.

आज्जा बाहेर बाकावर बसलेले. मला बघून म्हणाले, “म्हणजे माझ्यावर संशय व्हय, बाई?” मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, “आज्जा, लेकरू पहिलं ‘नको’ म्हणतंय ते जिथं त्याला मार बसणार नाही अशा माणसाला. तिनं तुम्हाला निवडलंय.” बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, “मिशा काढू काय मग?” मिशा राहू देत म्हटलं, फक्त जवळ घेण्याआधी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर हसू नका, रुसू नका.

आईला मी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि या मोहिमांबद्दलची माझी खरी तक्रारही तिथंच आहे. शाळेत मुलांना सांगतात, ‘नाही म्हणा, तिथून निघा, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा.’ ते बरोबरच आहे. पण त्या मोठ्या माणसानं ऐकायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. अर्ध्या तासाचा कार्यक्रम मुलांसाठी होतो, पालक फाटकाबाहेर उभे असतात. म्हणून मी आईकडून तीन वाक्यं म्हणून घेतली, कधी काही सांगायला आलीच तर: सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. आता मी बघते. आणि त्यापुढं खोदून खोदून विचारायचं नाही.

‘चांगला-वाईट’ हे शब्दही मला खटकतात. डॉक्टरांचं इंजेक्शन दुखतं, पण ते वाईट नसतं. उलट गोड बोलून, खाऊ देऊन केलेला स्पर्श लेकराला त्या क्षणी वाईट वाटेलच असं नाही, आणि नंतर ते स्वतःलाच वाईट समजायला लागतं. सुरक्षित-असुरक्षित म्हणावं. आणि शरीराच्या अवयवांना घरात नावं असावीत. आपल्याकडं ‘शी-शूची जागा’ यापलीकडं शब्दच नाही. शब्द नसेल तर लेकरू सांगणार कशानं?

साधारण तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. आवाज ओळखू येईना. रात्री भाकरी थापताना मुलगी मागून येऊन म्हणाली होती, “आई, आज्जा आता विचारतोय. पण तो विचारत नाही.” तो म्हणजे गल्लीतला एक ओळखीचा माणूस, ज्याच्याकडं मुलं मोबाईलवर गेम खेळायला जात. तो मांडीवर बसायला लावायचा. आणि म्हणायचा, हे आपलं गुपित, आईला सांगायचं नाही. ती पुढं जे बोलली ते इथं लिहायची गरज नाही.

आईनं ती तीनही वाक्यं म्हटली. मग तव्यावरची भाकरी करपेपर्यंत चुलीपुढं रडली.

नवऱ्याचं पहिलं म्हणणं होतं, “गल्लीत नाव होईल, त्याला आपण बघून घेऊ.” हेही मी नेहमी ऐकते. मी त्यांना सरळ सांगितलं की आता हा पर्याय तुमच्याकडं नाही आणि माझ्याकडंही नाही. 2012 च्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आणि नाव व्हायची जी भीती आहे त्यासाठी कलम 23 आहे, मुलाची ओळख उघड करता येत नाही. मुलीला चौकीत जावं लागत नाही, जबाब घरी घेता येतो, आणि अधिकारी गणवेशात येत नाहीत.

आमच्या भागात महत्त्वाची तरतूद आणखी एक. जबाब ज्या भाषेत लिहिला जातो ती मुलाला कळत नसेल, तर दुभाष्याची मदत घेता येते. महिला अधिकारी साध्या साडीत आल्या, कन्नड बोलणाऱ्या. आई शेजारी, आणि मधे मराठी-कन्नड दोन्ही जाणणाऱ्या एक शिक्षिका. मुलगी ‘गुपित’ म्हणाली तेव्हा शिक्षिकेनं ‘गुट्टु’ म्हटलं, आणि मुलीनं लगेच मान हलवली, कारण शाळेत कन्नड शिकताना तो शब्द तिनं ऐकला होता.

फोन मात्र आधी 1098 वर केला होता, आणि तो नंबर मुलीनंच सांगितला. शाळेच्या भिंतीवर कन्नडमध्ये ‘मक्कळ सहायवाणी’, म्हणजे मुलांची हेल्पलाइन, असं लिहिलंय. ते तिला अडखळत वाचावं लागतं, पण आकडा पाठ होता, दहा-नऊ-आठ असा उलटा मोजत. 1996 मध्ये मुंबईत ही सेवा सुरू झाली तेव्हापासून हा आकडा मुलांच्या तोंडी बसावा असाच ठेवलाय. भिंतीवरची एक ओळ अशी कामाला येते. ती मराठीतही लिहिली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आईला झोप येईना म्हणून तिला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 दिला. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत. आठ-दहा दिवस तिनं लावला नाही. मग एका रात्री लावला.

वडिलांनी नंतर विचारलं, “धाकटा पोरगा हाय, त्याला हे शिकवायची काय गरज?” केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात 53.22 टक्के मुलांनी कुठला तरी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. त्यांत मुलगे 52.94 टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. हे ऐकून ते गप्प झाले. आज्जाही तिथंच होते. खाली बघत म्हणाले, “आमच्या वेळेला सांगायला जागाच नव्हती.” मी काही विचारलं नाही. त्यांनीही पुढं काही सांगितलं नाही.

खटला चालू आहे. मुलगी महिन्यातून एकदा येते. शाळेत पोचवायला आज्जाच येतात. फाटकाशी थांबून हात पुढं करतात आणि विचारतात, “धरू काय?” कधी ती धरते. कधी दप्तर सावरत पुढं पळते.