वाचकांचे प्रश्न : जमिनीसाठी लग्न कशाला?

प्रश्न : अमेरिकेच्या पश्चिमेकडची, १८७० सालची सोज्वळ प्रेमकथा लिहीत आहे. पंचवीस वर्षांचा नायक सरकारी जमीन मिळावी म्हणून, आगगाडीने आलेल्या अनोळखी मुलीशी सोयीचं लग्न करतो. गावच्या वाचनालयात वाचून दाखवली, तर एक काकू म्हणाल्या, "जमिनीले बायको कायले पाहिजे?" मला उत्तर देता आलं नाही. काय करू?
– एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : काकूंचा प्रश्न बिनतोड आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायला अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असला की पुरे. तुमचा नायक एकटाच अर्ज करील. नायिकेचं तर नुकसानच, कारण अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा करता येई, नवऱ्याजवळ नांदणाऱ्या बायकोला नाही. नायक विसाचा केलात तर लग्नाने तो कुटुंबप्रमुख ठरेल खरा, पण वर्षभर थांबूनही त्याचं काम भागतं. कारण लंगडंच राहतं.

त्यापेक्षा कथा १८५१ सालात, अमेरिकेच्या वायव्येकडच्या ऑरेगनला न्या. तिथल्या १८५० च्या डोनेशन लँड कायद्यात, १ डिसेंबर १८५० पर्यंत वस्तीला आलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर होते. १ डिसेंबर १८५१ च्या आत लग्न झालं तर ६४०, आणि त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या हक्काचे. तुमच्याकडे एवढ्यात एखाद्या गावाचं अख्खं शिवार बसेल! आता लग्नाला तारीख मिळाली आणि नायिकेच्या होकाराला वजनही. शिवाय सलग चार वर्षं तिथे राहून जमीन कसायची अट होती. दोघं एका छपराखाली का राहतात, हे वेगळं पटवावं लागत नाही. (ही जमीन मूळ रहिवाशांची होती, याचं भान मात्र कथेत दिसू द्या.)

आगगाडी काढून टाका. पूर्व-पश्चिम जोडणारा लोहमार्ग १८६९ चा, तारयंत्राची जोडणीही १८६१ ची. नायिका बैलांच्या वॅगनमधून येईल. मिसुरीहून सुमारे २,००० मैल, चार ते सहा महिने. वसंतात निघालेली ऑक्टोबरात पोचते. त्या वाटेवर कॉलऱ्याने माणसं जात. तिचे वडील गेले असतील तर ती परक्या मुलखात एकटी आणि मुदतीला जेमतेम दोन महिने.

अशा कथा बहुधा मधल्या भागात ढेपाळतात. करार झाला की लेखक गैरसमजावर गैरसमज रचत बसतो. त्याऐवजी कराराची कलमं पहिल्याच भेटीत ठरवा आणि मग ती घरकामातूनच मोडू द्या. उदाहरणार्थ, झोपायच्या जागा वेगळ्या, हे ठरलेलं. थंडीत तिच्या बाजूला अंधार पडतो म्हणून तो ओंडक्यांच्या भिंतीत खिडकी कापतो. काच परवडत नाही, तेव्हा चरबी चोळलेला कागद लावतो. कागद ताणून धरायला दुसरे दोन हात लागतात.

पहिला स्पर्श तिथे ठेवा, लग्नविधीत नको. आणि चार वर्षं पानोपानी मोजू नका. पहिला हिवाळा सविस्तर लिहा, बाकीचं दोन परिच्छेदांत आटपा.