सहावीच्या मुलांना प्राचीन इजिप्त चार तासिकांत कसं शिकवावं? कोणत्या वस्तू दाखवाव्यात आणि प्रकल्प कोणता द्यावा?

थर्माकोलचा पिरॅमिड देऊ नका. बाकी काहीही द्या.

मी चोवीस वर्षं इतिहास शिकवला. सुरुवातीची आठ-नऊ वर्षं पिरॅमिड, ममी, तुतनखामेनचा मुखवटा याच क्रमाने शिकवत होते. मुलं डोळे मोठे करून ऐकायची आणि चाचणीत लिहायची, "इजिप्तचे लोक मेलेल्यांची पूजा करत." त्यांना आम्ही तिथला एकही जिवंत माणूस दाखवला नव्हता, तर ती दुसरं काय लिहिणार?

मग मला ब्रिटिश म्युझियममधल्या एका चुनखडीच्या तुकड्याचा फोटो मिळाला. देर अल-मदिना या गावातल्या कारागिरांची ती हजेरी आहे. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारी, रंगवणारी ही माणसं. दुसरा रामसेस या राजाच्या कारकिर्दीचं ४० वं वर्ष, म्हणजे इ.स.पू. १२४० च्या सुमारास. एका कडेला ४० नावं, पुढे काळ्या शाईत गैरहजेरीच्या तारखा आणि प्रत्येक तारखेच्या डोक्यावर लाल शाईत कारण. डोळे आले. विंचू चावला. घरी बिअर गाळत होता.

त्याची झेरॉक्स वाटली आणि एकेक कारण वाचत गेले. विंचवाला वर्ग एकदम जागा झाला, प्रत्येकाच्या गावाकडे कुणाला ना कुणाला विंचू चावलेला होताच. मग आलं, "आईचं प्रेत गुंडाळत होता." शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाची आजी महिन्यापूर्वीच गेली होती. तो म्हणाला, "म्हणजे सुतक, बाई. मग त्याला सुट्टी मिळाली का?"

त्या प्रश्नावरून ममीचा विषय आपोआप निघाला. सत्तर दिवस, नेट्रॉन नावाच्या क्षारात देह सुकवणं, मेंदू नाकावाटे काढणं, हृदय मात्र आत ठेवणं, कारण परलोकात त्याचं वजन होणार. सगळं सांगितलं. एकाही मुलाने "ईऽऽ" केलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नेमक्या त्याच वेळी आमच्या पर्यवेक्षिका बाई दारात आल्या. "इजिप्तच्या तासाला हजेरी कसली घेताय? मुलांना ममी बघायची असते." पुढे शाळेच्या प्रदर्शनात माझ्या मुलांनी कौलाच्या तुकड्यांवर लिहिलेल्या हजेऱ्या जिन्याखालच्या टेबलावर गेल्या. दर्शनी जागी थर्माकोलचा पिरॅमिड, शेजारी चाबूक घेतलेला बाहुला आणि "गुलामांनी बांधलेले आश्चर्य" अशी पाटी. मी स्टाफरूममध्ये म्हटलं, पाटी चुकीची आहे. उत्तर मिळालं, "सगळ्यांना हेच माहीत आहे." आणि घंटा झाली.

तेव्हा राहिलेलं आता सांगते. गिझाच्या पिरॅमिडांजवळ १९९० पासून मजुरांची थडगी सापडत आहेत. राजाच्या पिरॅमिडाच्या सावलीत गुलामांना कोण पुरतं? त्यांची वस्ती सापडली, पाव भाजायच्या भट्ट्या सापडल्या, गुराढोरांच्या हाडांचे ढीग सापडले. २०१३ मध्ये लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. खुफू राजाच्या गिझातल्या पिरॅमिडासाठी तुराच्या खाणीतला दगड होडीने कसा वाहिला, याची रोजची नोंद तीत आहे. चाबकाचा बाहुला दाखवून आपण मेरेरला पुसून टाकतो.

तुमच्या चार तासिकांपैकी पहिली हजेरीला द्या, दुसरी मेरेरला. तिसरीत तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षाचा संप घ्या. धान्याचा पगार थकला म्हणून याच देर अल-मदिनाच्या कारागिरांनी काम टाकलं आणि देवळामागे जाऊन बसले. ज्या मुलांच्या घरी पगार थकलेला असतो, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. चौथीत काय घ्यायचं ते तुमच्या वर्गावरून ठरवा. प्रकल्प म्हणून कौलाचा तुकडा आणि दोन शाया पुरतात. मुलांनी आपल्याच वर्गाची महिन्याची हजेरी कारणांसकट लिहायची.

त्या हजेरीतलं एक कारण मी तेव्हा गाळलं होतं: घरातल्या बाईला पाळी आली म्हणून काही पुरुष कामावर आले नव्हते. आज वाचलं असतं. सहावीतल्या मुलींना ते ऐकायचा हक्क आहे.

एक मात्र जपा. ही हजेरी गिझाच्या पिरॅमिडांनंतर जवळजवळ तेराशे वर्षांनी लिहिलेली आहे. फळ्यावर कालरेषा काढली नाहीत, तर मुलं मेरेरला आणि या कारागिरांना एकाच गावात बसवतात. आणि ममी टाळा असं माझं म्हणणं नाही. बडोद्याच्या संग्रहालयात एक आहे, जमलं तर मुलांना जरूर न्या. फक्त आत जाण्याआधी सांगा की हा कुणाच्या तरी घरातला माणूस आहे, आवाज खाली ठेवा. माझ्या वर्गाने ठेवला होता.