दोन्ही दारं बंद

प्रश्न : ताई, मंडळात म्हणतात, ‘बाई ती बाई, काळी-गोरी, जात कशाला?’ काय सांगू?

उत्तर : मैत्रिणी, मला हे एका अमेरिकन खटल्यातून उमगलं. जनरल मोटर्स या मोटार कंपनीनं १९६४पूर्वी काळ्या बायकांना नोकरीवर जवळजवळ घेतलंच नव्हतं; नोकरकपातीत ‘शेवटी आलेले आधी बाहेर’ म्हणून त्याच गेल्या. पाचजणी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत की! होत्या, पण गोऱ्या. काळी आणि बाई अशी एकत्र तक्रार मान्यच नव्हती. अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या कोंडीला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ म्हटलं, म्हणजे बाई असणं आणि वर्ण किंवा जात यांचे अन्याय एकाच वेळी, एकमेकांत गुंतून वाट्याला येणं. आपल्या मुक्ता साळवेनं, फुले दाम्पत्याच्या शाळेतल्या मांग समाजातल्या विद्यार्थिनीनं, तर १८५५ मध्येच आपल्या निबंधात विचारलं होतं, मांग-महार बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचं काय होत असेल? दरवेळी वाचताना माझा घसा दाटतो. मंडळात तेवढं मोठ्यानं वाचा.