पन्नास मीटरची पॉइंट टू-टू : रायफल कोणती, गोळी कोणती?

प्रश्न : मुलगी तीन वर्षं दहा मीटर एअर रायफल मारतेय. २०२४ साली स्वप्निल कुसाळेंना पॅरिसला कांस्य मिळालं, तेव्हापासून तिने पन्नास मीटरचा, म्हणजे पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफलचा ध्यास घेतलाय. कोणती रायफल घ्यावी?

घाई करू नका. आधी क्लबच्या रायफलवर काही महिने काढू द्या. अनशुत्झ, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, तिन्ही उत्तमच. प्रश्न अंगाला बसण्याचा आहे. तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा. डोळे उघडल्यावर मान न हलवता साइट (नेम धरायचं साधन) समोर आली पाहिजे. नाही आली, तर दस्त्याची लांबी किंवा गालाचा टेकू बदला. जुनी घेताना रंगरूप सोडा, नळी तपासा. आणि परवान्याचं आधी बघा.

प्रश्न : सगळ्यात महागडी काडतुसं आणली, तरी ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) फाटतोय. रायफल खराब आहे का?

बहुतेक नाही. तुमच्या नळीला काडतुसांचा तो लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, मानवत नसणार. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे चूक करायला जागाच नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन पेट्या, फक्त लॉट नंबर वेगळा, आणि एकीचा ग्रुप एका भोकात, दुसरीचा पसरलेला, हे मी कितीदा पाहिलंय! तेव्हा चार-पाच लॉटची एकेक पेटी घ्या, रायफल क्लॅम्पमध्ये पक्की बसवा आणि प्रत्येकीच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप मारा. लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजू नका, आधीच्या गोळ्यांवरचं मेण नळीत असतं. जो लॉट जमला, त्याचीच हंगामभराची खरेदी करा, भले तो स्वस्तातला असो.

प्रश्न : वाऱ्यात जास्त वेगाची गोळी कमी सरकेल ना?

उलट जास्त सरकते. गोळी वाटेत जितका वेग गमावते, तितका वारा तिला ढकलतो, आणि आवाजाच्या वेगापलीकडे सुटलेली पॉइंट टू-टू फार झपाट्याने वेग गमावते. म्हणून मॅचची काडतुसं सेकंदाला सुमारे ३३० मीटरच्या आत ठेवलेली असतात. तीच वापरा आणि दहा व तीस मीटरवरचे झेंडे वाचायला शिका. मी जवळच्या झेंड्याकडे आधी बघते. तिथे गोळी ढकलली गेली, तर पुढचं सगळं अंतर ती तिरकीच जाते.