रोपांसोबत फिरणारा पिठ्या ढेकूण

प्रश्न : आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत 22 जणींचा बाल्कनी-बाग गट आहे. रोपे, बिया, सल्ला सगळे एकाच काकूंकडून मिळते. मार्चमध्ये त्या महिनाभर गावी गेल्या आणि गट थंडावला. त्यातच बहुतेकींच्या जास्वंदीवर पांढरा कापूस धरला. ‘तुझ्या कुंडीतून आला’ यावरून ग्रुपवर धुसफूस चालू आहे. काय करावे?

उत्तर : दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच आहे. मोठ्या कागदावर प्रत्येक घराचा एक ठिपका काढा आणि रोप ज्या घरातून ज्या घरात गेले तसा बाण ओढा. बहुतेक बाण काकूंच्याच दारातून निघालेले दिसतील. ते घर बंद झाले की देवघेव बंद, आणि तिथे कीड शिरली की ती घरोघर. यात काकूंचा काय दोष? सगळ्यांनी एकच दार ठोठावले, इतकेच.

पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याची बारीक पिल्ले फांदीच्या बेचक्यात आणि पानामागे लपतात. चिकट गोडव्यासाठी मुंग्या त्यांना जपतात, म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी पानामागे पाहा. फार भरलेली फांदी छाटून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. उरलेले पुंजके स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. मग 5 मिली नीमतेलात 2 मिली पातळ साबण घोटून 1 लिटर पाण्यात मिसळा आणि संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूने फवारा. दर 7 दिवसांनी, तीनदा. एका फवारणीत काम होत नाही, कारण अंडी वाचतात. उन्हात फवारले तर पाने करपतात.

पुढे कुंडीसकट रोप देणे टाळा, मातीतून मुळांवरची कीडही येते. बिया किंवा धुतलेली फांदी द्या. घरी आलेले रोप 15 दिवस वेगळ्या खिडकीत ठेवा. कोणते रोप, कोणाकडून, कोणाला, तारीख एवढे एका वहीत लिहा. ग्रुपवरचा मेसेज दोन दिवसांत ‘सुप्रभात’खाली गाडला जातो. पुदिना, अळू, गवती चहा यांची मूळ झाडे वेगवेगळ्या विंगमधल्या तीन घरी ठेवा. पाणी घालायलाही तिघीतिघींच्या जोडण्या करा, म्हणजे कोणीही बिनघोर माहेरी जाईल.

प्रश्न : मैत्रिणीने दिलेल्या दोडक्याच्या बियांतून धड दोडका नाही, धड घोसाळे नाही असे काहीतरी आले. असे का?

उत्तर : तिच्याकडे दोन्ही वेल शेजारी असणार, या दोघांचा संकर होतो. बियांसाठी मादी कळी (मागे इवलासा दोडका असलेली) उमलण्याआधीच मलमलच्या पिशवीत बांधा. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा दोडक्याच्याच नर फुलाचे पराग लावून परत बांधा. हा खटाटोप नको असेल तर वाल किंवा चवळीचे बी धरा, ती सहसा भेसळत नाहीत. आणि फळ कडू लागले तर ते फेकाच, भाजीत ढकलू नका.