अर्डुइनो हे नाव कशावरून पडले आणि त्याच्या चिन्हाचा अर्थ काय?

अर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवरील अनंताच्या (∞) चिन्हात अधिक आणि वजा का आहेत आणि हे नाव आले कुठून, असे आपण विचारले आहे.

नावाचे मूळ इटलीतील इव्रेआ या गावात आहे. तेथील इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत २००५ साली मासिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही परवडेल आणि हाताळता येईल असा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी छोटी संगणक-चिप) बसवलेला बोर्ड तयार केला व आपल्या नेहमीच्या बसण्याच्या बारचे नाव त्याला दिले. त्या बारला हे नाव मिळाले होते इव्रेआच्या आर्दुइनवरून, जो १००२ मध्ये इटलीचा राजा झाला आणि ज्याला जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने पुढे दोनच वर्षांत बाजूला सारले. म्हणजे नावात तांत्रिक अर्थ काहीही नाही. त्यात आहे ते गाव.

चिन्हाच्या डाव्या वेटोळ्यात वजा आहे आणि उजव्यात अधिक. ही विजेची दोन टोके आहेत, हे बॅटरी जोडणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. अनंताचा अर्थ मी असा लावतो, की ज्याचा आराखडा सर्वांना खुला आहे त्यापासून काय काय घडेल याला अंत नाही.

मात्र आराखडा खुला असला, तरी नाव आणि चिन्ह खुले नाहीत, आणि माझ्या मते खरा अर्थ येथेच आहे. आराखड्याच्या फाइली क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्याखाली असल्याने कोणीही तसाच बोर्ड बनवून विकू शकतो. पण त्यावर अर्डुइनोचे नाव व चिन्ह छापण्यास परवानगी लागते, कारण तो ट्रेडमार्क आहे. मी सांगलीत राहतो आणि तासगावकडील बेदाणा शेडमधील तापमान व आर्द्रता नोंदवणारी यंत्रे हौसेने बनवतो. त्यांत मी बसवलेल्या बहुतेक बोर्डांवर नुसते ‘उनो’ (अर्डुइनोच्या एका मॉडेलचे नाव) छापलेले आहे, चिन्ह नाही, आणि संगणकाशी यूएसबीने जोडण्यासाठी सीएच३४० ही स्वस्त चिप आहे. मूळ उनोवर (आर३ आवृत्तीत) त्या जागी एटीमेगा१६यू२ ही चिप असते आणि पाठीमागे इटलीचा नकाशा. दोन्हींवर प्रोग्रॅम तोच चालतो, फक्त सीएच३४०साठी संगणकावर वेगळा ड्रायव्हर (ती चिप ओळखण्यासाठीचे सॉफ्टवेअर) टाकावा लागू शकतो. चिन्ह नसलेला बोर्ड त्यामुळे नकली ठरत नाही. नकली तो, जो परवानगीशिवाय ते चिन्ह मिरवतो, आणि असा बोर्ड मी स्वस्त मिळाला तरी घेत नाही.